सेंट मार्टिनला जाताय? मग घड्याळ बघून फिरा! (शॉपिंग, बीच, खाणं आणि रात्रीची धमाल)

कॅरिबियनमध्ये शॉपिंग पण हवं, रात्री हिंडायला पण हवं आणि बघायला पण काहीतरी हवं असं कोणी म्हणालं की मी डोळे झाकून सेंट मार्टिनचं नाव सांगते. अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक क्रूझवरून इथे उतरतात, सहा-सात तास फ्रंट स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या दुकानांच्या मुख्य रस्त्यावर, उन्हात फिरतात, एक टीशर्ट आणि एक रमची बाटली घेऊन परत बोटीवर चढतात आणि मग म्हणतात की ठीक होतं, गर्दी फार होती. गर्दी होती कारण तुम्ही गर्दीच्याच वेळी गर्दीच्याच जागी होतात. या बेटावर प्रत्येक गोष्टीची एक वेळ आहे, बोटींची वेळ, विमानांची वेळ, पूल उघडायची वेळ, बाजाराचे वार, आणि ती वेळ साधली की हेच बेट एकदम वेगळं दिसतं. म्हणून जमलं तर क्रूझऐवजी विमानाने जा आणि चार-पाच रात्री रहा. न्यूयॉर्क, मायामी, अटलांटा, शार्लटवरून थेट फ्लाइट्स आहेत, मायामीहून तर साधारण तीन तासांचाच प्रवास.

आधी बेट समजून घ्या. एकूण आकार जेमतेम ८७ चौरस किलोमीटर आणि त्यात दोन देश. उत्तरेचा मोठा भाग फ्रान्सचा, त्याची राजधानी मॅरिगो, आणि दक्षिणेचा छोटा भाग नेदरलँड्सच्या राज्यातला, त्याची राजधानी फिलिप्सबर्ग. १६४८ साली दोघांनी करार करून बेट वाटून घेतलं आणि वाटणी आजही आहे. तिथले लोक हमखास एक गोष्ट सांगतात की एक फ्रेंच माणूस आणि एक डच माणूस एका ठिकाणाहून विरुद्ध दिशांना किनाऱ्याने चालत निघाले, फ्रेंच माणूस वाईन पीत आणि डच माणूस जिन पीत, म्हणून डच माणूस हळू चालला आणि त्याच्या वाट्याला कमी जमीन आली. दंतकथाच आहे, पण सांगताना दोन्ही बाजूचे लोक तितक्याच आवडीने सांगतात. सीमेवर चौकी नाही, पासपोर्ट तपासणी नाही, रस्त्याच्या कडेला एक स्मारक आणि झेंडे दिसतात आणि तुम्ही दुसऱ्या देशात पोचलेले असता.

पण काही गोष्टी खरंच बदलतात. डच बाजूला अमेरिकेसारखे ११० व्होल्टचे प्लग, फ्रेंच बाजूला २२० व्होल्ट आणि युरोपियन सॉकेट, त्यामुळे हॉटेल फ्रेंच बाजूला असेल तर अ‍ॅडाप्टर घ्याच. फोनचे कोड वेगळे, डच बाजूचा ७२१ आणि फ्रेंच बाजूचा ५९०, म्हणजे दोन मैलांवरच्या रेस्टॉरंटला फोन केला तरी तो इंटरनॅशनल कॉल, तेव्हा आपला प्लॅन दोन्हीकडे चालतो का ते आधी कंपनीला विचारा. पैशांचं म्हणाल तर डच बाजूला २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर नावाचं नवीन चलन आलंय पण डॉलर सगळीकडे बिनधास्त चालतात. फ्रेंच बाजूला युरो, तरीही बऱ्याच ठिकाणी कॅश डॉलर घेतात आणि कधीकधी एकास एक भावाने घेतात. अशी पाटी दिसली की कॅशच द्या कारण युरो महाग असताना तो सरळ सरळ डिस्काउंटच असतो. सुट्ट्या डॉलरच्या नोटा भरपूर ठेवा.

आता व्हिसा, आणि हा भाग कृपा करून नीट वाचा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा, कॅनडाचा किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) वैध मल्टिपल एंट्री व्हिसा असेल किंवा ग्रीन कार्ड असेल तर डच बाजूला वेगळा व्हिसा लागत नाही, फक्त निघायच्या आधी ऑनलाइन एंट्री फॉर्म भरायचा. फ्रेंच बाजूचे नियम वेगळे आहेत आणि साधा शेंगेन व्हिसा फ्रान्सच्या समुद्रापारच्या प्रदेशांना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे मुक्काम तिकडे करणार असाल तर बुकिंगच्या आधी फ्रेंच कॉन्सुलेटकडून खात्री करून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एच-वन-बी (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) वाल्यांनी पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प एक्स्पायर झालेला असताना या बेटावर जाऊ नये. कॅनडा-मेक्सिकोला थोडक्या दिवसांसाठी जाऊन जुन्या स्टॅम्पवर परत येण्याची जी सोय आहे ती कॅरिबियन बेटांसाठी एच-वन-बीला मिळत नाही. क्रूझलाही हेच लागू. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून पटकन बुक करू नका, आधी स्टॅम्पची तारीख बघा आणि शंका असेल तर ऑफिसच्या इमिग्रेशन वकिलाला मेल टाका.

सीझन डिसेंबर ते एप्रिल. १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा काळ, त्यातही ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर जास्त धोक्याचा. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा चक्रीवादळाने हे बेट अक्षरशः उद्ध्वस्त केलं होतं, एअरपोर्टच्या टर्मिनलचं छप्पर सुद्धा राहिलं नव्हतं. लोकांनी ते परत उभं केलं, पण अजूनही एखादी पडकी इमारत दिसते. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या बीचवर सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं, वास मारतो, तेव्हा त्या दिवसांत पश्चिमेचे बीच धरा. पाण्यात आणि नाचण्यात मजा येणाऱ्यांनी एप्रिलच्या शेवटी डच बाजूचा कार्निव्हल किंवा मार्चच्या सुरुवातीची मोठी सेलिंग रेगाटा, म्हणजे शिडाच्या बोटींची शर्यत, साधावी, मात्र तेव्हा हॉटेलं महाग असतात.

चला शॉपिंगकडे, कारण निम्मे लोक त्यासाठीच येतात. फिलिप्सबर्ग हे एका बाजूला ग्रेट बे आणि दुसऱ्या बाजूला मिठागराचं मोठं तळं यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं गाव आहे. समुद्राच्या कडेने बोर्डवॉक, त्याच्या मागे फ्रंट स्ट्रीट, त्याच्या मागे बॅक स्ट्रीट, झालं गाव. डच बाजूला इम्पोर्ट ड्यूटी नाही म्हणून सोनं, हिरे, घड्याळं, परफ्यूम, कॅमेरे, दारू ही सगळी दुकानं एका ओळीत. आधी क्रूझचं कॅलेंडर बघा, ते ऑनलाइन असतं, कुठल्या दिवशी बंदरात किती बोटी आहेत ते कळतं. पाच बोटी लागलेल्या दिवशी फ्रंट स्ट्रीटला फिरकू सुद्धा नका, त्या दिवशी फ्रेंच बाजूला पळा. ज्या दिवशी एखादीच बोट असेल त्या दिवशी सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा किंवा दुपारी उशिरा, बोटीचे लोक परतायला लागले की. त्या वेळी दुकानदाराला पण बोलायला वेळ असतो आणि भाव करायची तयारी पण असते. उलट रविवारी बोट नसेल तर बरीच दुकानं बंदच असतात हे पण लक्षात ठेवा.

आणि भाव करायचाच. दागिन्यांची बरीच दुकानं आपल्या सिंधी लोकांची आहेत, कित्येकांच्या पिढ्या तिथेच वाढल्यात. तुम्ही आपापसात मराठीत बोलताय हे कानावर पडलं की "कहाँ से हो? बंबई?" अशी हाक येते, खुर्ची येते, थंड पाणी येतं. गप्पा छान होतात, पण त्यामुळे भाव आपोआप कमी झाला असं समजू नका. तिथली पद्धत अशी की डब्यातली चेन काढायची, लेबलवर हजार डॉलर, मग कॅल्क्युलेटरवर सत्तर टक्के कमी करून स्क्रीन तुमच्याकडे वळवायची. ते टक्के बघूच नका. सरळ वजनकाट्यावर ठेवायला सांगा. इथे माल बहुतेक १४ आणि १८ कॅरेटचा असतो, आपल्यासारखा २२ चा नाही. १४ कॅरेटमध्ये शुद्ध सोनं ५८.५ टक्के, म्हणजे दहा ग्रॅमची चेन असेल तर आत सोनं ५.८५ ग्रॅम. फोनवर त्या दिवसाचा २४ कॅरेटचा ग्रॅमचा भाव काढायचा, ५.८५ ने गुणायचं, आणि वरची रक्कम ही मजुरी आणि नफा. आपण सराफाकडे हाच हिशोब मांडतो, तो इथे मांडला की समोरच्याचा सूर लगेच बदलतो, कारण बहुतेक गिऱ्हाईक हा प्रश्न विचारतच नाही. वरची रक्कम सोन्याच्या किमतीच्या दीडपट असेल तर हसून नमस्कार करून बाहेर पडा, अर्ध्या वेळा दारापर्यंत जाताजाता नवीन आकडा ऐकू येतो.

हिऱ्यासाठी जीआयएचं, म्हणजे हिरे तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं, सर्टिफिकेट मागा, रिपोर्टचा नंबर तिथल्या तिथे त्यांच्या साइटवर टाकून बघा, दुकानाने स्वतः छापलेल्या अप्रेझलच्या (किमतीच्या अंदाजाच्या) कागदाला काही किंमत नाही. घड्याळ घेताना दुकान त्या ब्रँडचं अधिकृत डीलर आहे का आणि वॉरंटी कार्डवर तारीख आणि शिक्का पडतो का ते बघा. कॅमेरे आणि लेन्सेस आता फारसे स्वस्त राहिले नाहीत, ऑनलाइन भाव तपासल्याशिवाय हात लावू नका आणि इंटरनॅशनल वॉरंटी आहे का ते विचाराच. क्रूझवर जी "रेकमेंडेड" दुकानांची यादी आणि फुकट चार्मची कुपनं वाटतात ती पैसे घेऊन केलेली जाहिरात असते, त्यावरून दुकान चांगलं की वाईट काहीच ठरत नाही.

माझ्या मते इथून आणण्यासारख्या खऱ्या वस्तू वेगळ्याच आहेत. एक म्हणजे ग्वाव्हाबेरी लिकर, रममध्ये इथल्या डोंगरात उगवणारी छोटी फळं मुरवून करतात, हे फळ म्हणजे पेरू नव्हे, चव आंबटगोड, थोडी मसालेदार आणि किंचित कडवट. फ्रंट स्ट्रीटवरच एका जुन्या लाकडी घरात त्याचं दुकान आहे, तिथे चाखायला देतात. दुसरं म्हणजे डच गौडा चीज, मेणाच्या आवरणातलं घट्ट चीज अमेरिकेत नेता येतं. तिसरं म्हणजे टेबलक्लॉथ आणि लिनन, पण ते उलटसुलट करून भरतकाम हाताचं की मशीनचं ते बघून घ्या. आणि फ्रेंच बाजूला मॅरिगोच्या किनाऱ्यावरचा बाजार, बुधवारी आणि शनिवारी सगळ्यात जास्त भरतो, मासे, भाज्या, दालचिनी, जायफळ, व्हॅनिला, मिरचीचे सॉस, फळं घातलेल्या रमच्या बाटल्या. सकाळी लवकर जा, दुपारी काही उरत नाही.

कस्टम्सचं गणित सोपं आहे. अमेरिकेत राहणाऱ्याला ४८ तासांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यावर माणशी ८०० डॉलरपर्यंतची खरेदी ड्यूटीशिवाय आणता येते, एका घरातल्यांना बेरीज करून एकत्र दाखवता येते. पावत्या एका पाकिटात ठेवा. बाटल्या चेक-इन बॅगेत कपड्यात गुंडाळून ठेवा कारण अमेरिकेत उतरून पुढची फ्लाइट घ्यायची असेल तर हातातली बाटली सिक्युरिटीला अडू शकते. क्रूझवाल्यांची बाटली बहुतेक बोटींवर शेवटच्या दिवसापर्यंत ठेवून घेतात.

बघण्यासारखं म्हटलं की माहो बीच. प्रिन्सेस ज्युलियाना एअरपोर्टचा रनवे २,३०० मीटरचा आणि त्याचं टोक म्हणजे रस्ता, कुंपण आणि लगेच वाळू. विमान समुद्रावरून येतं, आधी क्षितिजावर एक ठिपका, मग चाकं दिसतात, मग खिडक्या, आणि मग इतकं डोक्यावर येतं की लोक नकळत मान खाली घालतात, सावली अंगावरून सरकते आणि मागून वाळू उडते. केएलएमचं जंबो जेट इथे यायचं ते ऑक्टोबर २०१६ ला बंद झालं, पण पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅमची मोठी विमानं अजून येतात आणि ती साधारण दुपारी येतात, तेव्हा सकाळी दहाला जाऊन छोटी विमानं बघून परत फिरू नका. बीचच्या टोकाला जो बार आहे तिथे येणाऱ्या विमानांच्या वेळा सर्फबोर्डवर लिहिलेल्या असतात. पण कुंपणाला लटकून टेकऑफचा झोत अंगावर घेण्याचा जो प्रकार चालतो तो अजिबात करू नका. २०१७ मध्ये एक पर्यटक बाई त्या झोताने फेकली गेली आणि डोक्याला मार लागून दगावली. लँडिंग बघायचं, टेकऑफच्या वेळी बाजूला व्हायचं, मुलांचा हात धरून ठेवायचा.

पोहायला माहोपेक्षा शेजारचा मलेट बे कितीतरी छान. ओरिएंट बे लांबलचक आणि उत्साही, खुर्च्या, बार, वॉटर स्पोर्ट्स सगळं, मात्र दक्षिण टोकाला कपडे ऐच्छिक आहेत, आईबाबांना घेऊन गेलात तर उत्तरेकडे बसा. मला सगळ्यात आवडतं ते पिनेल, कुल-द-सॅकहून छोट्या बोटीने पाच-दहा मिनिटांत पोचता येणारं चिमुकलं बेट, पाणी गुडघाभर आणि इतकं स्वच्छ की पायाची बोटं दिसतात, झाडांखाली इग्वाना निवांत फिरत असतात. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. बीचवर काही ठिकाणी मँचिनील नावाचं विषारी झाड असतं, खोडावर लाल पट्टा रंगवलेला दिसला की त्याच्या सावलीत बसू नका, छोट्या हिरव्या सफरचंदासारखं फळ तोंडात घालू नका, आणि पावसात तर त्याच्याखाली उभं राहूच नका कारण टपकणाऱ्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात.

इतिहासाची आवड असेल तर फोर्ट अ‍ॅमस्टरडॅम बघा, १६३१ मध्ये डचांनी बांधला, आता थोड्या भिंती आणि तोफाच आहेत पण दोन्ही बाजूला खाड्या दिसतात. पुढे स्पॅनिशांनी बेट घेतलं आणि १६४४ मध्ये ते परत मिळवायला आलेल्या पीटर स्टायव्हसंटचा पाय इथे तोफेच्या गोळ्याने गेला, तोच नंतर लाकडी पायाने न्यू अ‍ॅमस्टरडॅमचा, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा कारभार बघत होता. न्यूयॉर्कवाल्यांनी म्हणून तरी जाऊन यावं. मॅरिगोच्या वरचा फोर्ट लुई चढायला थोडा आहे, पण संध्याकाळी वरून लगून (समुद्राला जोडलेलं खाऱ्या पाण्याचं तळं), बंदर आणि समोरचं अँग्विला बेट दिसतं. सगळ्यात उंच पिक पॅराडी ४२४ मीटर, सकाळी लवकर जा आणि गाडीत काहीही मौल्यवान ठेवू नका.

फिरायला गाडी भाड्याने घेणं उत्तम, गाड्या अमेरिकेसारख्याच उजवीकडून चालतात. पण सिम्पसन बेचा पूल याटींसाठी ठरावीक वेळी उघडतो आणि तेव्हा ट्रॅफिक ठप्प होतं, त्या वेळा हॉटेलवर विचारून ठेवा, आणि एअरपोर्टला जाताना तर नक्कीच. मिनीबस स्वस्त, काचेवर जायच्या गावाची पाटी असते, फिलिप्सबर्ग ते मॅरिगो सतत चालू असतात, उतरायचं असलं की ड्रायव्हरला मोठ्याने सांगायचं. बसमध्ये चढल्या चढल्या सगळ्यांना गुड मॉर्निंग किंवा गुड आफ्टरनून म्हणायची पद्धत आहे, दुकानात पण तेच, आणि फ्रेंच बाजूला बॉन्जूर. न बोलता थेट भाव विचारलात तर लोक मनातून नाराज होतात. टॅक्सीला मीटर नाही, ठरलेले दर आहेत आणि रात्री ते वाढतात, बसायच्या आधी विचारा.

रात्रीचं गणित असं की जेवण फ्रेंच बाजूला आणि नाचणं डच बाजूला. ग्राँ केस हे एका रस्त्याचं गाव, तिथे महागड्या फ्रेंच रेस्टॉरंटांच्या मध्येच लोलो आहेत, म्हणजे उघड्यावर कोळशाच्या शेगडीवर रिब्ज, चिकन, मासे, लॉब्स्टर भाजणारे साधे ठेले. सीझनमध्ये मंगळवारी रात्री तिथे रस्ता बंद करून संगीत आणि मिरवणूक असते. शाकाहारी असाल तर जॉनीकेक (तिथली तळलेली साधी भाकरी), तळलेली केळी, मॅकरोनी पाय, कोलस्लॉ यावर छान भागतं, पण राइस अँड पीजमध्ये मांसाचा तुकडा टाकून शिजवलंय का ते विचारून घ्या. गयाना आणि त्रिनिदादच्या लोकांची रोटीची दुकानं पण आहेत, चणा-बटाट्याची रोटी मागा, आणि तिथली पिवळी मिरची आधी थेंबभरच घ्या. सकाळी मॅरिगोच्या बेकरीत क्रोसाँ खाल्ल्याशिवाय परत येऊ नका.

मग साडेनऊ-दहानंतर सिम्पसन बे. त्याआधी जाल तर रिकाम्या खुर्च्या दिसतील. लगूनच्या कडेला बार, लाइव्ह बँड, रेगे, सोका, झूक असं कॅरिबियन संगीत, कोणीही कोणाबरोबरही नाचतं आणि कोणाला ओळख लागत नाही. कॅसिनो फक्त डच बाजूला, सगळ्यात झगमगाट माहोला, खेळायचं असेल तर रक्कम खिशात वेगळी काढून ठेवा आणि कार्ड रूमवर राहू द्या. रम पंच गोड लागतो म्हणून हलका समजू नका. पिऊन गाडी चालवायची नाही, रस्ते अरुंद, वळणाचे आणि अंधारे आहेत, म्हणून नाइटलाइफ हवं असेल तर हॉटेलच सिम्पसन बे किंवा माहोला चालत जाता येईल असं घ्या. लहान मुलं किंवा शांतता हवी असेल तर ओरिएंट बे किंवा ग्राँ केस. रात्री उशिरा सुनसान बीचवर फिरायला जाऊ नका, पासपोर्ट सेफमध्ये ठेवा आणि फोनमध्ये त्याचा फोटो असू द्या.

एखादा दिवस उरला तर मॅरिगोहून फेरीने अँग्विलाला अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं, मात्र तो ब्रिटिश प्रदेश, त्यामुळे पासपोर्ट आणि व्हिसाचे नियम परत वेगळे बघावे लागतील. शेजारच्या सेंट बार्थ बेटाची फेरी जास्त हेलकावे खाते, ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी. आणि परतीचं तिकीट शक्यतो शनिवार-रविवार दुपारचं काढू नका, तेव्हा अमेरिकेची आणि युरोपची विमानं सगळी एकदम सुटतात आणि सिक्युरिटीची रांग लांबलचक होते. काढलंच असेल तर तीन तास आधी एअरपोर्टवर पोचा, आणि निघताना पुलाची वेळ पुन्हा एकदा बघून घ्या.